बेळगावहून आदिजेच्या खोऱ्यात: पहिल्यांदाच सायकलनं जाणाऱ्यांसाठी

‘एवढा चढ आपल्याला झेपेल का हो?’ राजहंसगडाच्या पायथ्याला रविवारी भेटणारे सायकलवाले मला हाच प्रश्न विचारतात. आल्प्स म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फाची शिखरं आणि नागमोडी घाट येतो, म्हणून बरेच जण विचार तिथंच सोडून देतात. मी आणि आमचे दाजी गेल्या सप्टेंबरात इटलीच्या उत्तर टोकाला आदिजे नदीच्या काठानं सायकल चालवून आलो. दाजी चिकोडीकडचे, ऊस शेतकरी, वय अठ्ठावन्न. त्याआधी त्यांनी सायकल चालवली होती ती शाळेत असताना.

दाजींना जमलं याचं कारण साधं आहे. आम्ही खिंडीपाशी सुरुवात केली आणि नदीबरोबर खाली आलो. रेशेन खिंड साधारण १५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सुमारे ८० किलोमीटरवरचं मेरानो ३२५ मीटरवर. मधे गाड्यांच्या रस्त्यापासून बहुतेक ठिकाणी वेगळी राखलेली सायकलवाट आहे. पायांची दमछाक फारशी होत नाही. दमछाक होते ती कागदपत्रं, रेल्वे आणि गावांची नावं यांत, म्हणून हा लेख जास्त करून त्यांच्याबद्दलच आहे.

१. आधी खोरं एकच ठरवा

पहिल्या खेपेला स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली असं सगळं एका दोरीत ओवू नका. एकच नदी धरा. आदिजे ही इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी, ४१० किलोमीटरची. ती रेशेनजवळ उगम पावते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते. रेशेनपासून वेरोनापर्यंतची सायकलवाट सुमारे ३०० किलोमीटर भरते. वरच्या भागाला जर्मनमध्ये फिन्शगाउ म्हणतात, इटालियनमध्ये वाल वेनोस्ता. रोमन काळात इथून विआ क्लाउदिया ऑगुस्ता हा रस्ता आल्प्स ओलांडत होता, आजची सायकलवाट बरीचशी त्याच दिशेनं जाते.

हे खोरं निवडायला माझ्याकडं आणखी एक कारण होतं, हवा. फिन्शगाउ हा आल्प्समधला सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं कणकुंबीला जेवढा पाऊस पडतो त्याच्या मानानं हे काहीच नाही, आपल्या सौंदत्तीकडच्या माळरानाची आठवण यावी इतपत. खोऱ्याच्या एका अंगाचा, उन्हाकडं तोंड असलेला डोंगर उघडाबोडका, तर समोरचा सावलीतला डोंगर गर्द झाडीचा. खानापूर आणि गोकाक समोरासमोर आणून ठेवल्यासारखं दिसतं.

जायचं केव्हा? मे अखेर ते सप्टेंबर अखेर. एप्रिलमध्ये सफरचंदाचा मोहर पाहायला मिळतो, पण खिंडीवर थंडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दुपारची वादळं. मला विचाराल तर सप्टेंबर. फळं उतरवायचा हंगाम असतो आणि ऊन सोसवतं.

२. घरचा सराव

तीन महिने पुरतात, पण सराव सामान बांधून करा. रिकाम्या सायकलवर मारलेली चाळीस किलोमीटरची फेरी आणि मागं दोन्ही बाजूंना दहा किलोच्या पिशव्या लावून मारलेली फेरी, यांत फार फरक आहे. आम्ही असा क्रम धरला होता:

पहिला महिना राकसकोप. रस्ता सरळ, चढउतार सोसवणारे, परत येताना हिंडलग्याला चहा. दुसऱ्या महिन्यात येळ्ळूर आणि राजहंसगड. शेवटचा तुकडा छोटा पण खडा आहे, तिथं सगळ्यात हलका गिअर कधी टाकायचा ते कळतं. चढ लागल्यावर गिअर बदलायला गेलात तर साखळी कुरकुरते, म्हणून तो आधीच बदलायचा. तिसऱ्या महिन्यात जांबोटीवरून कणकुंबी आणि चोर्ला घाटाची वरची वळणं.

चोर्ला चढायसाठी सांगत नाही, उतरायसाठी सांगतो. आल्प्समध्ये नवख्याला खरी अडचण उतारावर येते. ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो आणि हाताची बोटं बधिर होतात. वळणाच्या आधी जोरात दाबायचा, वेग कमी झाला की सोडून द्यायचा, वळणात शक्यतो दाबायचाच नाही. दाजींना हे जमायला तीन रविवार लागले. पहाटे निघा, कारण आठनंतर ट्रकची रांग लागते. पावसाळ्यात हा सराव तिथं करू नका, रस्ता निसरडा आणि खड्ड्यांचा असतो.

३. कागदपत्रं

इथं घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो, तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. हा शेवटचा मुहूर्त गाठायचा नसतो, अडीच-तीन महिने आधी अर्ज करा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतं. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

फाइलमध्ये हे लागतं:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. नसेल तर बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात आधी ते काम उरका.
- भरलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो.
- किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा. पॉलिसीत सायकलिंग आणि डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च धरला आहे का, ते ओळ न् ओळ वाचा. स्वस्त पॉलिसीत बहुतेक वेळा नसतं.
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची नोंद.
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी.
- दिवसागणिक कुठून कुठं जाणार याचं एक पान. सायकल सहलीत हे पान महत्त्वाचं, कारण गाव रोज बदलतं आणि अधिकाऱ्याला ते चमत्कारिक वाटू शकतं.

शेतकऱ्यांसाठी जरा थांबून सांगतो, कारण दाजींच्या फाइलवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळं विवरणपत्रात आकडा लहान दिसतो आणि ‘या माणसाकडं पैसे आहेत कुठले’ असा प्रश्न उभा राहतो. आम्ही जमिनीचा उतारा, कारखान्याची दोन हंगामांची ऊस बिलं आणि त्या बिलांची रक्कम बँकेत जमा झाल्याच्या नोंदी एका माळेत लावल्या. उतारा कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडलं. सोबत एका पानाचं पत्र: मी शेतकरी आहे, अमुक इतकी जमीन, ऊस तोडणी अमुक महिन्यात, त्याआधी मला परत यायचंच आहे. या शेवटच्या वाक्यानं काम सोपं झालं असं मला वाटतं. माणूस परत का येणार, हेच तर त्यांना जाणून घ्यायचं असतं.

आता खास आपल्या भागातला फास. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जुन्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नव्या आधारवर दुसरं. त्यात आपल्या मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो आणि कन्नड कागदावर आडनाव कधी आधी, कधी नुसतं आद्याक्षर. माझी फाइल पहिल्या खेपेला याच कारणावरून परत आली. खिडकीवरच्या बाईंनी दोन कागद शेजारी ठेवून बोट दाखवलं, माझ्या आडनावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं. बेळगावहून रात्रभर प्रवास करून गेलो होतो, पुन्हा तारीख घेऊन जावं लागलं. तुम्ही सगळे कागद घरी टेबलावर पसरा, स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, जिथं फरक आहे तिथं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या.

दुसरं म्हणजे हद्द. आपल्याला पुणे-मुंबई जवळची वाटते, नातेवाईकही तिकडं. पण अर्ज कुठं द्यायचा हे तुमच्या पत्त्यावरून ठरतं. पत्ता कर्नाटकातला असेल तर तारीख घेण्याआधी त्या देशाच्या केंद्राची हद्द तपासा. आणि जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडंच अर्ज करायचा. म्युनिकला उतरून इटलीत आठ रात्री राहणार असाल तर अर्ज इटलीकडं.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. उतरल्यावर पुढची रेल्वे लगेचची घेऊ नका.

४. सायकल न्यायची की तिथं घ्यायची?

पहिल्या वेळी भाड्यानं घ्या. सायकल खोक्यात बांधणं, सांब्र्याहून उडणाऱ्या छोट्या विमानात ती घेतील की नाही याची विचारपूस, म्हणून मग गाडी करून मुंबई किंवा बेंगळूर, उतरल्यावर रिकामं खोकं ठेवायचं कुठं, हा सगळा व्याप दहा दिवसांच्या सहलीसाठी परवडत नाही. तिथं एका स्टेशनाजवळ सायकल घेऊन दुसऱ्या स्टेशनाजवळ परत करता येते. विजेवर चालणारी सायकलही मिळते, गुडघे कुरकुरत असतील तर मनात किंतु न ठेवता तीच घ्या.

घेताना दुकानातच या गोष्टी बघा. सीटची उंची, दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, घंटी, मागचं कॅरियर तुमच्या पिशव्यांच्या हुकांना बसतं का. कुठल्या गावी परत करणार ते पावतीवर लिहून घ्या. ही परतीची सोय त्या प्रांतापुरती, म्हणजे दक्षिण टायरॉलपुरती असते, त्याच्या सीमेपलीकडं ट्रेंतो-वेरोनाला सायकल सोडायची असेल तर आधी बोलून ठेवावं लागतं. स्वतःची सायकल नेणाऱ्यानं मात्र वेरोनापर्यंत जरूर जावं.

सोबत घ्यायचं सामान फार नाही: हेल्मेट, पावसाचं जाकीट, पातळ हातमोजे, दोन पिशव्या, एक सुटी ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा जोड. रिफ्लेक्टरचं जाकीट विसरू नका. इटलीत गावाबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि बोगद्यात तर केव्हाही, सायकलस्वाराला ते घालणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

खाऊच्या पिशवीबद्दल एक गोष्ट कान देऊन ऐका. कुंदा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशानं आणायला बंदी आहे. आमच्या अक्कानं दोन डबे भरून दिले होते, निघताना तिच्याच हातात परत दिले. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, भाजणीच्या पिठाची पुडी चालते.

५. दोन नावांची गावं

दक्षिण टायरॉल हा प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडं गेला. बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, देश इटली. १९७२ च्या कायद्यानं प्रांताला मोठी स्वायत्तता मिळाली, आणि पाट्यांवर दोन्ही भाषा असतात. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मला तिथं पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं.

पण प्रवासात गोंधळ होतो तो खराच. रेल्वेच्या तिकिटावर इटालियन नाव असू शकतं, खोली देणारी बाई जर्मन नाव सांगते आणि नकाशात तिसऱ्याच पद्धतीनं दिसतं. म्हणून घरून निघतानाच वहीत जोड्या लिहून घ्या:

रेशेन म्हणजे रेझिया. ग्राउन म्हणजे कुरोन. माल्स म्हणजे माल्लेस. ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा. श्लांडर्स म्हणजे सिलांद्रो. नातुर्न्स म्हणजे नातुर्नो. मेरान म्हणजे मेरानो. बोत्सेन म्हणजे बोल्झानो. नदीसुद्धा सुटलेली नाही, जर्मनमध्ये ती एच.

रस्त्याकडेच्या नळावर ‘त्रिंकवासर’ किंवा ‘आक्वा पोताबिले’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याचं. आधी ‘काइन’ किंवा मधे ‘नोन’ आलं तर पिऊ नका. दुकानात शिरताना नमस्कार त्यांच्या भाषेत करा. ज्यानं आधी जर्मनमध्ये ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं त्याला तेच परत म्हणा. तेवढ्यानं चेहरा बदलतो, हे आपण आपल्या गणपत गल्लीतही रोज बघतो.

६. तिथं पोचणं आणि रेल्वेचे फास

मुंबई किंवा बेंगळूरहून म्युनिक किंवा मिलान गाठा. म्युनिकहून ब्रेनर खिंडीवरून थेट बोल्झानोला रेल्वे आहे. तिथून मेरानो, आणि मेरानोहून खोऱ्यातली छोटी रेल्वे माल्सपर्यंत. ही ६० किलोमीटरची लाइन १९९० मध्ये बंद पडली होती, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. माल्सच्या पुढं रेशेनला बस.

या लाइनवर काम चालू असेल तर काही टप्प्यांत गाड्या बंद ठेवून बदली बस चालवतात, आणि तसल्या बसमध्ये सायकलला जागा मिळेल असं धरून चालू नका. निघायच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा बघा. हंगामात गाडी चालू असली तरी सायकलींची जागा भरून जाते, म्हणून वर जाताना मोकळ्या हातानं जा आणि सायकल वरच घ्या.

इटलीत साध्या प्रादेशिक गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल अख्खी नेता येते. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारून मगच चढा, नाहीतर तिकीट असूनही दंड. बऱ्याच मुक्कामांत पाहुण्यांना त्या प्रांतातल्या बस-रेल्वेचा पास फुकट मिळतो, खोली घेताना विचारा. त्यात सायकल धरलेली नसते.

७. उजवीकडून!

वेगळं शीर्षक मुद्दाम दिलं आहे. तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं. सायकलवाटेवर समोरून कोणी नसताना आपण नकळत डावीकडं सरकतो. पहिल्या दिवशी एका पुलाखालच्या वळणावर दाजी डावीकडं होते, समोरून एक आजोबा आणि मागं टोपलीत नात. मी मागून ओरडलो, “दाजी, उजवीकडं, उजवीकडं!” दोघांनी ब्रेक मारले, चाकांत वीतभर अंतर राहिलं. आजोबा काही बोलले नाहीत, नुसता हात उजवीकडं करून दाखवला. संध्याकाळी दाजींनी आपल्या हँडलच्या उजव्या मुठीला लाल दोरा बांधला आणि नंतर असं एकदाही झालं नाही. तुम्हीही बांधा. सगळ्यात मोठा धोका थांबून पुन्हा निघताना असतो, पाणी प्यायला थांबलात की मूठ बघून निघा.

अडचण आली तर ११२.

८. दिवसागणिक वाट

पहिला दिवस, रेशेन ते ग्लुर्न्स, सुमारे ३० किलोमीटर. अंतर कमी ठेवलं आहे कारण वाटेतल्या रेशेनच्या तलावापाशी वेळ जातो. पाण्यातून चर्चचा उंच मनोरा वर आलेला दिसतो, चौदाव्या शतकातला. वीज निर्मितीसाठी तलाव वाढवला आणि १९५० मध्ये जुनं ग्राउन गाव पाण्याखाली गेलं, मनोरा तेवढा ठेवला. दाजी बराच वेळ काठावर उभे राहिले. मग म्हणाले, “हिडकल धरणातलं हुन्नूरचं इठ्ठलाचं देऊळ बघ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमची आई दर्शनाला नेत होती.” हे देऊळ दिसायला उन्हाळा यावा लागतो, तिथला मनोरा कायम दिसतो, एवढाच फरक. फोटो काढणाऱ्यांची गर्दी सकाळी नऊच्या आत नसते.

तलाव संपला की माल्सकडं उतार लागतो, साधारण चारशे मीटरचा. चोर्लाचा सराव इथं कामाला येतो. वाऱ्याचा झोत आडवा येतो, म्हणून पिशव्यांवर काही फडफडणारं बांधू नका. उजव्या अंगाला बुर्गाइसच्या वर मारिएनबेर्गचा पांढराशुभ्र मठ दिसतो. ग्लुर्न्स हे तटबंदी असलेलं इवलंसं शहर, वस्ती हजाराच्या आत. तट सोळाव्या शतकातला, धडधाकट. मुक्काम तटाच्या आत करा.

दुसरा दिवस, ग्लुर्न्स ते नातुर्न्स, सुमारे ४० किलोमीटर. हा सगळा दिवस सफरचंदाच्या बागांतून. वाट बागांच्या मधून जाते, फांद्या हाताला लागतात. एकही फळ तोडायचं नाही, ती चोरीच. जागोजागी शेतकऱ्यांनी पेटी ठेवलेली असते: फळांच्या पिशव्या, भाव लिहिलेला, पैसे टाकायला खाच. विकायला माणूस नाही. दाजींनी नाणं टाकलं, पेटीच्या तळाशी त्याचा आवाज ऐकला आणि मगच पिशवी उचलली. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वाटेवर असतात, बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या, ते कामात असतात.

प्रत्येक ओळीत झाडांच्या वर उंच नळीवर फवारे दिसतील. आम्हाला ते ठिबकच्या जमान्यात विचित्र वाटलं. एका शेतकऱ्यानं खुणांनी आणि तुटक इंग्रजीत समजावलं: एप्रिलमध्ये मोहर असताना रात्री दहिवर गोठायला लागलं की ते मोहरावर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या आवरणातली कळी शून्याच्या आसपास टिकून राहते. सकाळी बर्फ वितळायला लागेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. दाजींनी त्याच्या हातातली कात्री बघायला मागितली, त्यानं दाजींचे तळहात बघितले, आणि पुढं अर्धा तास भाषेची गरज पडली नाही.

डोंगरउतारावरून जुने पाटही येतात, त्यांना तिथं वाल म्हणतात. कित्येक शतकांपासूनचे. पाण्याची पाळी आणि ती सांभाळणारा पाटकरी, दोन्ही आपल्यासारखंच. पाटाकडेनं पायवाटा आहेत, पण त्या चालणाऱ्यांसाठी, सायकल खाली लावून जा. वाटेत लास गाव लागतं, तिथला संगमरवर प्रसिद्ध आहे, रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा पांढरे दिसतात.

तिसरा दिवस, नातुर्न्स ते बोल्झानो, सुमारे ५० किलोमीटर. त्योलजवळ खोऱ्याला एकदम पायरी आहे. तिथून मेरानोच्या बाजूला उतरताना वाट घट्ट वळणांनी खाली जाते, रविवारी इथं लहान मुलं, कुत्री, शर्यतवाले सगळेच असतात. ब्रेक आधी, वळण नंतर. वाटल्यास उतरून हातानं न्या. मेरानोपासून बोल्झानोपर्यंत नदीकाठ सपाट आहे, पटकन संपतो.

चौथा दिवस विश्रांतीचा. बोल्झानोच्या संग्रहालयात ओत्झी ठेवला आहे. १९ सप्टेंबर १९९१ ला इथल्याच डोंगरात, ३२१० मीटर उंचीवर बर्फात सापडलेला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. तिकीट आधी काढा आणि सोमवारी बंद आहे का ते बघा.

पाचवा दिवस, बोल्झानो ते ट्रेंतो, सुमारे ६५ किलोमीटर. सकाळी सातच्या आत निघा. दुपारी दक्षिणेकडून गार्दा सरोवराचा वारा चढतो, त्याला ओरा म्हणतात, आणि तो थेट तोंडावर येतो. सपाटीवर चढ असल्यासारखं होतं. अर्ध्या वाटेवर सालुर्नपाशी डोंगर जवळ येतात आणि खोरं चिंचोळं होतं. जर्मन भाषेची हद्द इथं संपते. पुढच्या गावाच्या पाटीवर एकच नाव होतं. आम्ही दोघंही तिथं थांबलो, सांगून ठरवून नव्हे.

९. जेवणखाण

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत डुकराचं मांस असतं. पालकाचे किंवा चीजचे मागा. श्लुत्सक्राप्फेन ही पालक भरलेली करंजी, तुपासारख्या वितळलेल्या लोण्यात, दाजींनी तीन दिवस तीच खाल्ली. पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो तिथला राईच्या पिठाचा ब्रेड. दोन चपट्या भाकऱ्या एकमेकींना चिकटवून भाजलेल्या, नाव फिन्शगर पार्ल. तोडला आणि वास आला तो थेट मेथीचा. त्यात निळ्या मेथीची पानं घालतात, आपल्या मेथीची सख्खी चुलत बहीण. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊन बघा.

दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद असतात आणि रविवारी गावात बहुतेक काहीच उघडं नसतं. शनिवारी संध्याकाळीच सोमवार सकाळपर्यंतचं घेऊन ठेवा. मुक्कामाचा स्थानिक कर वेगळा असतो, तो कधी रोखीत मागतात, सुटे युरो जवळ ठेवा.

१०. परत फिरताना

ट्रेंतोला पोचलात की त्याच संध्याकाळी प्रादेशिक गाडीनं बोल्झानोला परत या, दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल जमा करा. फलाटावर सायकलचं चित्र असलेला डबा शोधा, तो बहुधा गाडीच्या एका टोकाला असतो, म्हणून गाडी येण्याआधी तिथवर चालत जा. पिशव्या आधीच काढून हातात घ्या, दार फार वेळ उघडं राहत नाही. तिकिटं माणशी दोन: एक तुमचं, एक सायकलचं.